कालवड विकावी की राखावी: अमेरिकेतल्या गुरांच्या चढ्या भावाचं गणित

प्रश्न असा आहे: अमेरिकेत गुरांचे भाव कुठल्या कुठे गेलेत, तरी तिथले पशुपालक गायी वाढवताना दिसत नाहीत. असं का? हे भाव किती दिवस टिकतील असं त्यांना वाटतं? आणि शंभरेक गायींचा कळप असलेल्याने आत्ता नेमकं काय करावं?

थोडक्यात सांगायचं तर सगळा मामला कालवडीभोवती फिरतो. दूध तोडलेली साडेपाचशे पौंडांची कालवड आज विकली तर रोख पैसे हातात येतात. राखली तर दोन वर्षांनी तिचं पहिलं वासरू बाजारात जातं. भाव जितका चढा तितका विकण्याचा मोह मोठा, आणि जितक्या कालवडी विकल्या जातात तितका पुढचा पुरवठा आटतो. त्यामुळे आजचा चढा भाव पुढची टंचाई स्वतःच लांबवतो आहे. पशुपालकांना हे चांगलं ठाऊक आहे. त्यांची खरी चिंता वेगळी आहे: आपण कालवड राखली, ती गाय झाली, आणि नेमका तेव्हाच बाजार बसला तर?

आधी मोजमापाचं. तिकडे भाव शंभर पौंड जिवंत वजनाचा बोलतात, म्हणजे साधारण ४५ किलोंचा. पुढे नुसतं ‘३६० डॉलर’ लिहिलं असेल तिथे शंभर पौंडांचा भाव समजावा.

कळप किती आटला आहे ते पाहा. अमेरिकेत १ जानेवारीला गुरांची गणती धरतात. जानेवारी २०२६ ला सगळी मिळून ८ कोटी ६२ लाख जनावरं होती. १९५१ नंतर इतकी कमी संख्या नव्हती. १९७५ मध्ये हाच आकडा १३ कोटी २० लाखांच्या घरात होता. मांसासाठी पाळलेल्या गायी २ कोटी ७६ लाख, त्याही आदल्या वर्षीपेक्षा एक टक्का कमी. हे एका वर्षात झालं नाही. २०२० च्या शेवटापासून २०२३ पर्यंत टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या पट्ट्यात दुष्काळ ठाण मांडून बसला. कुरणं करपली, गवताच्या गठ्ठ्यांचे भाव भडकले आणि लोकांनी गायी कत्तलखान्याकडे रवाना केल्या. गाय गेली की तिच्या पोटच्या पुढच्या सहा-सात वेतांचा हिशेबही गेला. पाऊस परत आला, पण पाऊस गवत आणतो, गाय आणत नाही.

तरी मांस तितकं कमी झालेलं नाही, कारण जनावर जड झालं. खच्ची केलेल्या गोऱ्ह्याचं सोललेलं धड आता सरासरी ९५० पौंडांच्या वर भरतं. मका स्वस्त आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत मक्याचं विक्रमी पीक आलं आणि भाव बुशेलला (मक्याचे साधारण २५ किलो) चार डॉलरच्या आसपास राहिला. फीडलॉटवाले, म्हणजे हजारो जनावरं बंदिस्त ठेवून मक्यावर पोसणारे, साहजिकच जनावर जास्त दिवस गव्हाणीला ठेवतात. संख्या कमी असूनही दुकानातलं मांस संपलं नाही, त्याचं हे एक कारण.

आता कालवडीचं वेळापत्रक बघू. २०२५ च्या वसंतात जन्मलेली कालवड त्याच वर्षी ऑक्टोबरात दूध तोडून वेगळी केली. राखायची ठरली तर २०२६ च्या उन्हाळ्यात, चौदा-पंधरा महिन्यांची असताना, ती फळवायची. गाभणकाळ सरासरी २८३ दिवसांचा, म्हणजे २०२७ च्या वसंतात ती व्याली. ते वासरू ऑक्टोबर २०२७ ला विकलं, ते फीडलॉटला गेलं आणि त्याचं मांस ताटात पडायला २०२८ उजाडलं. कांद्याचं चक्र आपल्याला पाठ आहे: लासलगावला भाव चढला की पुढच्या हंगामात सगळेच लागवड करतात आणि पाच-सहा महिन्यांत ढीग लागतो. गाईचं चक्र तेच, फक्त महिन्यांच्या जागी वर्षं घाला. एक फेरा पुरा व्हायला साधारण आठ ते बारा वर्षं लागतात.

यात एक गोम आहे, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. कांद्याचं बी वेगळं असतं. गाईच्या बाबतीत बी आणि माल एकच. राखलेली प्रत्येक कालवड ही फीडलॉटला न गेलेली कालवड असते. म्हणून ज्या दिवशी पशुपालक खरोखर कळप वाढवायला लागतील, त्या दिवसापासून बाजारात जाणारा माल आणखी घटेल आणि भाव आधी वर जातील. पडतील ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. २०१४ ला हेच झालं. त्या वर्षीच्या शेवटी भाव शिखरावर होते, सगळ्यांनी कालवडी राखल्या आणि २०१६ च्या शरदापर्यंत फीडर जनावरांचा, म्हणजे फीडलॉटला पोसायला विकल्या जाणाऱ्या वासरांचा, भाव जवळपास निम्म्यावर आला. २४० च्या आसपास विकलेल्यांनी १२० ला विकलं. आज जे पशुपालक हात आखडून आहेत, त्यातल्या बहुतेकांच्या वहीत २०१६ चं पान अजून उघडं आहे.

आता पैशाचा हिशेब मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या खर्चाप्रमाणे बदलून घ्यावेत, पण मांडणी हीच ठेवावी.

५५० पौंडांची कालवड ३९० डॉलरने विकली तर २,१४५ डॉलर. राखली तर हे पैसे सोडले, म्हणून पहिला खर्च हाच. वहीतून तो हमखास निसटतो, कारण खिशातून काही गेलेलं दिसत नाही. पहिल्या हिवाळ्याचा चारा-खुराक २०० दिवस, रोजचे सव्वादोन डॉलर, म्हणजे ४५०. उन्हाळ्याचं कुरण पाच महिने, महिन्याला ४५, म्हणजे २२५. लसी, खनिज मिश्रण, वळू किंवा कृत्रिम रेतन मिळून ९०. दुसरा हिवाळा ४३०. या सगळ्यावर आठ टक्के व्याज दीड वर्षाचं धरलं तर सव्वातीनशेच्या आसपास. बेरीज केली तर व्यायला टेकलेली कालवड ३,७०० डॉलरच्या जवळ पडते. बाजारात गाभण कालवड चार हजारांच्या आसपास बोलतात, त्यात बोलणाऱ्याची हाव फारशी नाही. त्याचा खर्चच तेवढा आहे.

ही गाय किती वासरांत फिटेल? वर्षाचा सांभाळखर्च हजार डॉलर धरा. शंभर गायींमागे दूध तुटेपर्यंत जगून विकली जाणारी वासरं ८५ धरा. वासराचं सरासरी वजन ५३० पौंड. भाव ४०० राहिला तर गाईमागे वर्षाला सुमारे १,८०० येतात, हजार वजा जाता ८०० उरतात. म्हातारी झाल्यावर गाय विकून १,४०० येतील असं धरलं तर २,३०० वसूल करायचे आहेत, आणि ते तीन वासरांत होतात. झकास. आता भाव २५० धरा. येतात १,१२६, उरतात १२६. तेच २,३०० वसूल व्हायला अठरा वासरं लागतील. कुरणावरची गाय आठ-दहा वेतांपलीकडे क्वचित जाते. म्हणजे ही गाय कधीच फिटत नाही. सात वेतं धरून मधला आकडा काढला तर सरासरी २९५ च्या आसपास भाव मिळाला तरच मुद्दल सुटतं, आणि पुढचं व्याज यात धरलेलंच नाही. २०१६ च्या पडझडीत याच वजनाचं वासरू दीडशेच्या आसपास गेलं होतं. ‘एवढा भाव असून गायी का वाढवत नाहीत’ याचं उत्तर या दोन ओळींत आहे.

हिशेबापलीकडेही कारणं आहेत. २०२२ च्या अमेरिकी कृषी गणनेत शेतकऱ्याचं सरासरी वय ५८ च्या वर निघालं. मांसाच्या गायी पाळणारी ठिकाणं सव्वासहा लाखांच्या आसपास आणि कळपाची सरासरी ४७ गायी. सिनेमातला हजारो एकरांचा रँचर हा अपवाद. बहुसंख्य लोक नोकरी सांभाळून गायी पाळतात. साठीच्या माणसाला चार चांगली वर्षं मिळाली तर तो कर्ज फेडतो, कुंपण दुरुस्त करतो, ट्रॅक्टर बदलतो. दहा वर्षांनी फळणारी गुंतवणूक तो पोराच्या भरवशावर करतो, आणि पोरगा शहरात असतो. हे आपल्याला काही वेगळं सांगायला नको.

तरी वारा किंचित फिरला आहे. कळपात भरती करायला राखलेल्या मांसजातीच्या कालवडी जानेवारी २०२६ च्या गणतीत ४७ लाखांच्या वर, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे एक टक्का जास्त होत्या. फीडलॉटमधल्या जनावरांत कालवडींचा वाटा २०२३ मध्ये ४० टक्क्यांच्या आसपास होता, २०२५ मध्ये ३८ च्या आसपास आला. पण मागच्या वाढीच्या काळात तो एक तृतीयांशाजवळ उतरला होता. त्या मानाने ही वाढ म्हणता येणार नाही. गळती थांबली इतकंच. पशुपालकांचा सर्वसाधारण अंदाज असा की २०२७ पर्यंत माल तुटीतच राहील. मला तो बरोबर वाटतो. या वेळी उतार २०१५-१६ पेक्षा सावकाश येईल असंही वाटतं, कारण व्याज महाग आहे, वय झालंय आणि गवताची खात्री नाही. पण पुरवठा कमी असणं आणि भाव न पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा नमुना २०२५ च्या शरदातच दिसला. ऑक्टोबरच्या मध्यावर शिकागोच्या वायदेबाजारात फीडर जनावरं ३८० च्या आसपास विक्रमावर होती. मग राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मांस स्वस्त करण्याचं आणि अर्जेंटिनातून आयात वाढवण्याचं बोलून दाखवलं. नोव्हेंबरात ब्राझीलच्या मांसावरचं ४० टक्क्यांचं जादा शुल्क उठलं. त्याच आठवड्यात टायसन कंपनीने नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टनचा कत्तलखाना जानेवारी २०२६ मध्ये बंद करण्याची घोषणा केली. दिवसाला सुमारे पाच हजार जनावरांची त्याची क्षमता. दीड महिन्याच्या आत भाव साठ डॉलरहून जास्त खाली आला. देशात त्या काळात एकही गाय वाढली नव्हती! जानेवारीत तो बराचसा परतही चढला. पण ज्याने नेमकी त्या सहा आठवड्यांत वासरं विकली, त्याला साडेसातशे पौंडांच्या जनावरामागे साडेचारशे डॉलरची खोट बसली.

आयातीबद्दल गैरसमज फार आहे, म्हणून जरा खोलात जातो. फीडलॉटमध्ये मक्यावर पोसलेल्या गोऱ्ह्याचे स्टेक काढून घेतल्यावर जी छाट उरते ती निम्मी चरबीची असते. एकट्या त्या छाटीचा खिमा कुणी खाणार नाही. दुकानात विकला जातो तो ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबीचा खिमा. तो बनवायला एक भाग ही पन्नास टक्क्यांची छाट आणि तीन भाग ९० टक्के सडसडीत मांस लागतं. (करून बघा: तीन नव्वदं २७०, अधिक ५०, भागिले चार, बरोबर ८०.) हे सडसडीत मांस येतं म्हाताऱ्या गायींपासून. गायी राखल्या जात असल्याने देशात त्यांची कत्तल घटली आहे, म्हणून ते ऑस्ट्रेलिया, ब्राझील, न्यूझीलंडहून आणतात. तेव्हा अर्जेंटिनाचं मांस टेक्सासच्या गोऱ्ह्याची जागा घेत नाही. उलट त्याची चरबी विकली जायला ते मदतच करतं. फटका बसलाच तर म्हाताऱ्या गाईच्या भावाला बसतो. असं असूनही बातमी आली की वायदेबाजारात सगळंच एकदम कोसळतं, कारण तिथे पैसे लावणाऱ्या फंडांना खिम्याचं त्रैराशिक माहीत नसतं. खिमा ऑगस्ट २०२५ मध्ये पौंडाला ६.३० डॉलरच्या वर होता. गिऱ्हाइक तो अजून घेतं आहे आणि सगळा डोलारा त्यावर उभा आहे. गिऱ्हाइकाने कोंबडीकडे तोंड फिरवलं तर गाई कितीही कमी असोत, उपयोग नाही.

दुसरी भीती स्क्रूवर्मची. ही माशी जखमेच्या काठावर एका वेळी दोन-तीनशे अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांसात स्क्रूसारख्या आत शिरतात. साध्या माशीच्या अळ्या सडलेलं खातात, या ताजं खातात. नवजात वासराची नाळ एवढी जागाही पुरते. अमेरिकेने नापीक केलेले नर सोडून १९६६ साली तिचं उच्चाटन जाहीर केलं होतं. मादी आयुष्यात एकदाच जुगते, म्हणून ही युक्ती चालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, चियापासात, ती सापडली आणि अमेरिकेने मेक्सिकोची जनावरं थांबवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दार उघडलं, ११ मे ला पुन्हा लागलं, जुलैत दोन दिवस किलकिलं झालं आणि परत बंद. सप्टेंबरात सीमेपासून सत्तर मैलांच्या आत, नुएव्हो लेओन राज्यात, लागण सापडली. मेक्सिकोतून एरवी वर्षाला दहा लाखांहून जास्त वासरं टेक्सास आणि आसपासच्या फीडलॉटना येतात. ती बंद झाल्याने भाव वर गेले; ती परत सुरू होण्याच्या नुसत्या अफवेनेही भाव खाली येतात. आणि माशी टेक्सासात शिरली तर भावापेक्षा जनावरं हलवण्यावरची बंदी जास्त जाचेल.

सीमेजवळच्या माणसाने करायचं ते एवढंच: खच्चीकरण, शिंग काढणं, कानाला बिल्ला मारणं, डाग देणं ही रक्त काढणारी सगळी कामं थंडीत उरकावीत. उन्हाळ्यात नाळ आणि प्रत्येक जखम रोज डोळ्यांनी पाहावी. घोड्यावरून लांबून मोजणी करून हे भागत नाही.

तिसरी गोष्ट पॅकरची, म्हणजे कत्तलखाने चालवणाऱ्या कंपन्यांची. टायसन, जेबीएस, कार्गिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्या मक्यावर पोसलेल्या जनावरांपैकी सुमारे ८५ टक्के कापतात. सध्या जनावर कमी आणि कत्तलखान्याची क्षमता जास्त, म्हणून सौद्यात पशुपालकाचं पारडं जड आहे आणि पॅकर तोट्यात आहे. टायसनच्या गोमांस विभागाला २०२५ च्या आर्थिक वर्षात चाळीस कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. प्रत्येक बंद होणाऱ्या कत्तलखान्यासरशी हे पारडं थोडं थोडं फिरतं. पुढे गायी वाढतील तेव्हा कापायला जागा कमी असेल, आणि त्या दिवसांत भाव ठरवणार पॅकर. २०१६ मध्ये पशुपालक रडत होते तेव्हा पॅकरची चांदी होती, ती याच कारणाने.

आता शंभर गायींवाल्याने काय करावं ते.

कालवडी किती राखायच्या हा पहिला निर्णय. म्हाताऱ्या, भाकड, लंगड्या मिळून वर्षाला शंभरातल्या बारा-पंधरा गायी निघतात. तेवढी भरपाई करायला वीस-बावीस कालवडी फळवायला हव्यात, कारण सगळ्या गाभण राहत नाहीत. शंभराच्या एकशेतीस करायच्या असतील तर ते एका वर्षात करू नये. तीन वर्षांत दहा-दहा करावं. एकाच वर्षाच्या महाग कालवडी एकाच वेळी गळ्यात पडत नाहीत, हा त्यातला फायदा.

निवड करताना हंगामाच्या पहिल्या एकवीस दिवसांत जन्मलेल्या कालवडी आधी घ्याव्यात. फळवायच्या वेळी त्यांचं वजन मोठ्या गाईच्या ६० ते ६५ टक्के हवं. गाय १,३०० पौंडांची असेल तर कालवड ७८० ते ८४५. त्यासाठी हिवाळ्यात रोज सव्वा-दीड पौंड वाढ पुरते. जास्त चारून लठ्ठ केली तर पैसे जातात आणि कासेत चरबी बसून पुढे दूध कमी, हे वेगळंच. कालवडींवर जन्मवजन कमी ठेवणारा, खात्रीचा वळू सोडावा. वासराची दहा-पंधरा पौंडं वाढवायला मोठा वळू लावून दोन कालवडी विण्यात गमावणं हा ७,४०० डॉलरचा धडा आहे.

वळू काढल्यावर दोन महिन्यांनी गर्भतपासणी करावी आणि भाकड निघाली तिला ‘अजून एक संधी’ देऊ नये. चढ्या बाजाराची एक गंमत इथे कामाला येते: ८७५ पौंडांची भाकड कालवड ३४० ने विकली तरी २,९७५ येतात, म्हणजे तोवरचा खर्च जवळपास निघतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा जास्त कालवडी फळवाव्यात आणि गर्भतपासणीनंतर ठरवावं: गाभण राखायच्या, गाभण विकायच्या, की भाकड विकायच्या. दाराला तिन्ही वाटा मोकळ्या राहतात.

हिशेब खरा बिघडतो तो पहिल्या वेतानंतर. पहिलारू गाय स्वतः वाढत असते, दूधही देत असते, आणि माजावर यायला तिला ८० ते १०० दिवस लागतात. मोठी गाय दोन महिन्यांत येते. वर्षाला एक वासरू हवं तर व्यायलेल्या दिवसापासून हातात ऐंशीच दिवस असतात. म्हणून कालवडी मोठ्या गायींच्या तीन-चार आठवडे आधी फळवाव्यात आणि विताना त्यांची अंगस्थिती एक ते नऊच्या मोजमापात सहा असावी. म्हणजे फासळ्या दिसत नाहीत आणि शेपटीच्या बुडाशी बोटाला थोडी चरबी लागते. चार किंवा त्याखाली असेल तर ती दुसऱ्या वर्षी भाकड राहण्याचीच शक्यता जास्त. ३,७०० खर्चून एक वासरू घेतलं आणि गाय भाकड निघाली, तर भाव कितीही असो, गणित बुडालं.

विकताना चढ्या भावात प्रत्येक चूक महाग पडते. वजनाचंच घ्या. ७५० पौंडांचं वासरू गाडीत चढलं, चार-पाच तास गेले, की शेणामुतात आणि घामात तीन टक्के वजन उतरतं, म्हणजे साडेबावीस पौंड. भाव १५० असताना हे ३४ डॉलर होते. ३६० ला ते ८१ आहेत आणि शंभर वासरांमागे ८,१००. तेव्हा वजन कुठे, किती वाजता, किती हाकून आणल्यावर आणि किती घट कापून, हे भावाच्या आधी ठरवावं. रानातल्या काट्यावर दोन टक्के कापून वजन मिळत असेल तर ते दूरच्या बाजारातल्या दोन डॉलर जास्त भावापेक्षा परवडतं.

आगाऊ सौद्यात ‘स्लाइड’ असते, म्हणजे वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं तर दर जादा पौंडामागे भाव किती उतरायचा ते. तीही नीट वाचावी. समजा ७५० पौंडांना ३६० भाव ठरला आणि स्लाइड बारा सेंटची. उतरलेलं सरासरी वजन ७९० भरलं तर चाळीस पौंड गुणिले बारा सेंट, म्हणजे ४.८० कमी होऊन ३५५.२० मिळतात. वासरामागे २,८०६. वजन जास्त भरल्याने पैसे तसे वाढतातच, पण वजन मुद्दाम कमी सांगणाऱ्याला पुढच्या वर्षी तोच खरेदीदार भाव कमी बोलतो.

भाव पडण्यापासून वाचायचं तर पशुधन जोखीम संरक्षण, म्हणजे एलआरपी, हा लहान माणसासाठीचा मार्ग. ही कृषी खात्याची विमा योजना आहे. १३ ते ५२ आठवड्यांची मुदत निवडता येते, अपेक्षित भावाच्या ७० ते १०० टक्के संरक्षण घेता येतं, आणि हप्त्यात सरकार ३५ ते ५५ टक्के भर घालतं. नवख्या पशुपालकाला त्यावर आणखी दहा टक्के. हप्ता मुदत संपल्यावर भरायचा असतो. नमुना: ३५० चं संरक्षण, तुमचा हप्ता ९ डॉलर, मुदतीअखेर निर्देशांक ३०० वर. पन्नासातून नऊ गेले, उरले ४१. ७५० पौंडांचं वासरू म्हणजे शंभर पौंडांचे साडेसात भाग, म्हणून साडेसातने गुणा, वासरामागे ३०७ डॉलर. भाव चढलाच तर नऊ गुणिले साडेसात, साडेसदुसष्ट डॉलर गेले, एवढंच.

दोन खाचा आहेत. भरपाई देशाच्या निर्देशांकावर मिळते, तुमच्या गावच्या लिलावावर नाही. तुमच्या भागात दुष्काळ पडून तिथलाच भाव बसला तर विमा काही देत नाही. दुसरं, वायदेबाजार एका दिवसाच्या मर्यादेला जाऊन अडकला की त्या मुदतीचं संरक्षण त्या दिवशी विकतच नाहीत. पडझडीच्या दिवशी छत्री घ्यायला गेलात तर दुकान बंद. म्हणून वासरं जन्मली की थोडं, दूध तोडायच्या आधी थोडं, असं तुकड्यांत घ्यावं.

थेट वायदा विकण्याच्या नादी शंभर गायींवाल्याने लागू नये. फीडर जनावरांचा एक करार ५०,००० पौंडांचा. एक डॉलर हलला की ५०० डॉलर हलतात. नोव्हेंबर २०२५ च्या तळाला घाबरून ज्याने विकला असेल, त्याला जानेवारीच्या चढणीत दर करारामागे हजारो डॉलर मार्जिन, म्हणजे तोट्यापोटीची अनामत, भरावं लागलं असेल, तेही वासरं अजून गोठ्यातच असताना.

बँकेकडे जाताना कळपाची किंमत आजच्या भावाने लावून घेऊ नये, बँकर लावायला तयार असला तरी. २५० च्या वासराने हप्ता फिटेल एवढंच कर्ज घ्यावं. आणि चार हजारांच्या गाभण कालवडी कर्जावर विकत घेण्याआधी घरच्या कुरणाचा हिशेब करावा: १,३०० पौंडांच्या गाईला रोज अंगाच्या दोन ते अडीच टक्के सुका चारा लागतो, म्हणजे २६ ते ३२ पौंड. दहा गायी वाढवल्या की दीडशे दिवसांच्या हिवाळ्याला वीस-बावीस टन गवत जास्तीचं, शिवाय वाया जाणारं वेगळं.

बाजार कधी फिरतोय हे ओळखायला तीन आकडे पुरतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या फीडलॉट अहवालात कालवडींचा टक्का येतो. तो ३५ च्या खाली उतरून दोन तिमाह्या टिकला तर कळपवाढ खरी सुरू झाली असं धरावं आणि तिथून पुढे दोन-अडीच वर्षं मोजावीत. दर आठवड्याला मांसजातीच्या गायींची कत्तल जाहीर होते. ती घटत असेल तर लोक गायी धरून ठेवताहेत. आणि दर गुरुवारी दुष्काळाचा नकाशा निघतो. नेब्रास्का ते टेक्सास पट्टा मे महिन्यात तांबडा दिसला, तर वरचे दोन्ही आकडे बाजूला ठेवावेत आणि आधी घरच्या गवताचे गठ्ठे मोजावेत.